भिंतीवरचं सूप

सन दोन हजार एकोणीस, मी एकाहत्तर वर्षांचा. आमची मंडळी जाऊन वर्ष होत आलं होतं. निपाणीत जन्मभर तिनं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. ते सूप मी भिंतीला टांगून ठेवलं होतं, कुणाला हात लावू देत नव्हतो. शेजारची विड्या वळणारी बाई दोनदा मागायला आली, दोन्ही खेपेला रिकाम्या हातानं गेली. त्यात नातीनं कडोलीला शाळेच्या पोरांच्या कविता-स्पर्धेत नाव घातलं. "आज्जा, अभंगात आणि ओवीत फरक काय रं?" "अभंग टाळावर चालतो, ओवी हातावर. ओवीत तीन ओळी सारख्या, चौथी आखूड. तुझी आजी ओवी म्हणत विड्या वळायची, तिथं विडीला दोरा बांधायची आणि दम खायची." "आणि मुक्तछंद?" "ती कविताच न्हाय!" चार इयत्ता शिकलेला मी, पण मागं हटलो न्हाय. "लई शाना हाईस," म्हणून पोरगी हसली. स्पर्धेच्या मांडवात मी पुढं ताठ बसलो. तिनं चालीवर म्हटलं, "सूप टांगलं भिंतीला, भूक लागली सुपाला, आजी बोलव गं त्याला, कामावर." टाळ्या पडल्या. माझ्या नाकात एकाएकी तंबाखूचा वास भरला आणि मान वर करवेना. बसमध्ये तिनं विचारलं, "आज्जा, चौथी ओळ नीट बसली न्हवं?" "बसली," एवढंच बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी सूप खाली काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि शेजारच्या दारात जाऊन उभा राहिलो.