लॅबचा नंबर

१८ ऑगस्ट १९९८. काम होतं ते सर्व्हरवरच्या दोन याद्यांचं: एकीत आत येऊ द्यायच्या कॉम्प्युटरांचे नंबर, दुसरीत अडवायच्या मशीनांचे. सुरतेत पांडेसऱ्यातल्या आमच्या डाइंग मिलमध्ये कॉम्प्युटर मीच सांभाळायचे. शेठ आल्या आल्या म्हणाले, "बेन, लॅबनुं मशीन आजे ज बंध करी दो."

लॅबमध्ये माझा मोठा भाऊ होता. बावीस वर्षं कलर मास्तर. मला खानदेशातून सुरतेला त्यानेच आणलं, या नोकरीलाही त्यानेच लावलं.

कोणत्या शेडला कुठला रंग किती घालायचा, ती डायरी कलर मास्तर बायकोलाही दाखवत नाही. मिल सोडताना ती बगलेत मारून निघतो. तिच्यावरच पुढची नोकरी मिळते. भावाने ती मला वाचून दाखवली, कारण टाइप करणारी मी होते. सगळ्या शेड सर्व्हरवर चढल्या आणि डायरी शेठच्या कपाटात गेली. मग शेठनी स्वस्तातला केमिस्ट ठरवला. आज भावाचा मिलमधला शेवटचा दिवस होता.

मी लॅबच्या मशीनचा नंबर अडवायच्या यादीत लिहिला आणि तपासायला लॅबमध्ये गेले. भावाने बटणं दाबली. सर्व्हर उघडला.

"तुनं कुलूप त उघडंच शे, माय!" तो हसला.

चूक माझी होती. सर्व्हर आधी येऊ द्यायची यादी बघतो. तिच्यात लॅबचा नंबर तसाच राहिला होता, त्यामुळे दुसरी यादी बघायची वेळच आली नाही. मी त्याला तसं सांगितलं. त्याचं हसू थांबलं.

"संध्याकायलोंग ऱ्हाऊ दे. मी शेड छापी लेसू."

"शेठ मला विचारतील."

"आख्खी जिंदगी कोनलेच डायरी दाखाडी नही. तुले दाखाडी."

मी टेबलाशी परत आले आणि येऊ द्यायच्या यादीतली लॅबची ओळ पुसली. माझ्या दोन मुलींची शाळा या नोकरीवर चालत होती. मग लॅबला फोन लावला. "आता बघ."

थोडा वेळ बटणांचा आवाज आला.

"बंद झालं, मॅडम," तो म्हणाला. माझ्याशी असं शुद्ध तो कधी बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाआधी बमरोलीला त्याच्या खोलीवर गेले. दार वहिनीने उघडलं, अर्धंच. "झोपलेत," म्हणाली. आत रेडिओ चालू होता, तो कोणीतरी बारीक केला. मी चप्पल काढलीच नाही. रिक्षाने मिलमध्ये आले आणि नव्या केमिस्टच्या मशीनचा नंबर येऊ द्यायच्या यादीत लिहिला.