पॅरिसहून बर्लिन किती लांब

टूरच्या ऑफिसात फायली बंद होतात, किस्से बंद होत नाहीत. मुलुंडला आमचं छोटं ऑफिस आहे, युरोपच्या ग्रुप टूर करतो. मी बारा वर्षं तिथे तिकिटं काढतोय. स्वतः युरोप पाहिलेला नाही, पण कुठून कुठे किती तास ते तोंडपाठ आहे.

*

बोरिवलीचे एक मास्तर, निवृत्त, विषय भूगोल. लंडन-पॅरिसचं तिकीट बघून अडले. जाताना दहाला निघून सव्वाबाराला पोचायचं, येताना दहाला निघून सव्वादहाला. मी दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक कागदावर काढून दाखवला. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"कळलं. मग जातानाही ते येतानाचंच विमान द्या ना."

*

अंधेरीचं नवं जोडपं. झुरिच-व्हिएन्ना किती वेळ, तर म्हटलं, दीड तास.

"बघ," नवरा बायकोला म्हणाला, "तुझ्या आईकडे चेंबूरला जायला पण एवढाच लागतो."

"हो ना," ती म्हणाली, "तरी व्हिएन्नाला निघालास, चेंबूरला नाही."

*

आमच्या नाईक सरांचा नियम: स्क्रीनवर दिसेल त्याच्या तिप्पट वेळ सांगायचा. "लवकर पोचलेला माणूस भांडायला येत नाही रे."

एक आला. रोम-पॅरिस सहा तास सांगितले म्हणून त्याने अख्ख्या ग्रुपसाठी पोळ्या-बटाट्याची भाजी बांधून घेतली होती. "पहिला डबा उघडला नि पॅरिस आलं! वाट लावली तुम्ही." सर त्यालाही चहा पाजून मोकळे झाले. नियम काही बदलला नाही.

*

हा शेवटचा मी ऑफिसात सांगत नाही. चूक माझी होती, आणि ती अजून सलते.

विक्रोळीच्या सावंत काकू. मुलगा वडिलांशी भांडून बर्लिनला गेला, चार वर्षं फोन नाही. वडील वारले, तरी नाही. काकूंकडे त्याचा फक्त पत्ता होता. टूरमध्ये पॅरिसला एक दिवस मोकळा होता. त्यांनी हळूच विचारलं, "बाबू, पॅरिसहून बर्लिन किती लांब रे? सकाळी जाऊन रात्री परत येता येईल?"

विमान जेमतेम दोन तासांचं. पण एकटा माणूस ग्रुपमधून सुटला की वेगळं तिकीट, वेगळी जबाबदारी, माझ्या डोक्याला ताप. मी सवयीने म्हटलं, "सहा तास, काकू. नाही जमायचं."

"लांबच आहे मग," म्हणाल्या आणि पत्ता पर्समध्ये ठेवला.

परत आल्यावर चॉकलेट घेऊन ऑफिसात आल्या. मोबाइलवर फोटो दाखवले. आयफेल टॉवरवर सगळ्या दिशांच्या शहरांची नावं लिहिलेली असतात म्हणे. त्या एका नावावर हात ठेवून उभ्या होत्या. "फोटो काढणारीला म्हटलं, टॉवर नाही आला तरी चालेल. हे नाव येऊ दे."

मग मोबाइल बंद करून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एकदम मालवणीवर आल्या.

"विमानान खराच सहा तास लागतत ना रे?"

"हो, काकू," मी म्हटलं. "सहा तरी."