आधी घशाची विचारपूस

कुंदा मॅडमची आणि माझी ओळख झाली, ती मी भूलशास्त्राच्या प्रशिक्षणाला रुजू झाले त्या सकाळी. डॉक्टर झाल्याचा तोरा अंगात होता. मॅडमनी मला शस्त्रक्रियागृहाकडे फिरकूही दिलं नाही. आदल्या दिवशी ऑपरेशन झालेल्यांपैकी ज्यांना पाणी चालत होतं, त्यांना एकेक घोट पाजायला लावलं आणि गिळताना टोचतं का, बोलताना आवाज बसतो का, हे विचारून यायला सांगितलं. टाक्यांची चौकशी सर्जन करतात. श्वासाची नळी आपण घालतो, तेव्हा घसा आपल्या जबाबदारीचा, असं त्यांचं म्हणणं. दोन-चार दिवसांत बरा होणाऱ्या घशाचं एवढं काय कौतुक, असं म्हणून आम्ही मागून हसायचो.

ते हसू थांबलं देवरावांमुळे. देवराव संत्र्यांच्या बाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायचे. पित्ताशयातल्या खड्यांनी बेजार होऊन भरती झाले, आणि ऐन वेळी पिशवी भरून घरी निघाले. भाच्याच्या हाताच्या ऑपरेशनला घशात नळी न घालता नुसता मास्क बसवला होता, आपल्यालाही तोच हवा, हा त्यांचा हट्ट.

"पोट दुखते त दुखू द्या, मॅडम. नळीनं आवाज गेला त माह्या घरची चूल कशी पेटन?"

दुसरं कुणी असतं तर 'काही होत नाही हो' म्हणून सही घेऊन मोकळं झालं असतं. मॅडमनी स्टूल ओढलं आणि हर्रास कसा पुकारता ते ऐकवा म्हणाल्या. देवरावांनी असा सूर लावला की अख्खा वॉर्ड उठून बसला. मग मॅडमनी शांतपणे समजावलं. मास्क श्वासनलिकेच्या तोंडावर झाकणासारखा बसतो, घशाला कमी त्रास देतो, हे खरं. पण देवरावांना आंबट पाणी घशाशी येण्याचा जुना त्रास. भुलीत ते फुफ्फुसात उतरलं तर जिवावर बेतायचं, आणि मास्कनं ते खात्रीनं अडत नाही.

"नळी घालावीच लागेल. घसा दुखेल, आवाज बसेल. बहुतेकांचा परत येतो, पण हमी मी देऊ शकत नाही. नळी मात्र मीच घालीन."

 देवरावांनी पिशवी खाली ठेवली.

मॅडमनी नेहमीपेक्षा बारीक नळी निवडली. नळीच्या टोकाशी हवेचा छोटा फुगा असतो. तो जास्त फुगला की आतून घसा दाबतो. आम्ही तो बोटांनी चाचपून मोकळे व्हायचो. मॅडमनी दाब मोजायचं यंत्र लावलं, आणि मधूनमधून पुन्हा मोजला. सर्जनसाहेब उसासे टाकत होते, त्यांच्याकडे त्यांनी लक्षच दिलं नाही.

इतकं करूनही देवरावांचा आवाज बसला. घरी जाताना ते आमच्याकडे बघेनात. मॅडम मला स्कूटरवर मागे बसवून हुडकेश्वरला त्यांच्या घरी गेल्या. (मॅडम स्कूटर अशी चालवतात की मागच्याला बिनऔषधाची भूल यावी.) देवरावांनी खुणेनंच बसा म्हटलं. मॅडमनी घसा तपासला, कुजबुजूनसुद्धा बोलू नका म्हणाल्या.  मला फार वाईट वाटलं.

मग एका सकाळी आम्ही चहा घेत असताना मॅडमचा फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर टाकला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पलीकडे बाजाराचा गलका, आणि त्यावरून चढत जाणारा देवरावांचा खणखणीत हर्रास. सौदा पक्का झाला तसा तो आवाज जवळ आला.

"मॅडम, आयकून राहिल्या ना?"

मॅडमनी बोलायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. शेवटी मीच फोनजवळ वाकून म्हणाले, "हो, ऐकून राहिल्या."

मॅडम, आता साठी झाली. स्वतःच्या तब्येतीचीही जरा विचारपूस करा आणि खूप वर्षं ठणठणीत राहा. अजून कितीतरी माणसं तुमच्या भरवशावर डोळे मिटणार आहेत, आणि जागी झाल्यावर त्यांना घरच्यांशी बोलायचं आहे.