दार मिसाओने लावलं

शिगेकी कुवाबारा चमचे ठोकतो. त्सुबामे गावात निम्मी वस्ती भांड्याकुंड्यांवरच जगते, तेव्हा त्यात नवल काही नाही. चौतीस वर्षं एकच कारखाना आणि एकच प्रेसचं मशीन. इतक्या वर्षांत त्याने कुणाला उलट उत्तर दिलेलं नाही. लोक याला सज्जनपणा म्हणतात. असेलही.

मार्च संपत आला की विभागप्रमुख उराबे यादी घेऊन फिरतात. वर्षातून पाच दिवस भरपगारी रजा घेतलीच पाहिजे असा कायदा झालाय, नाहीतर मालकाला दंड. उराबे त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान.

"कुवाबारासान, तुमचे पाचही दिवस तसेच! देवाला सोडलेत की काय?"

"राहून गेलं, साहेब."

"मग मारा शिक्का. सोमवार ते शुक्रवार. आणि ती हॉटेलवाल्यांची ऑर्डर ठाऊक आहे ना?"

"कामावर येतो मी."

"हजेरीचं कार्ड तेवढं यंत्रात घालू नका म्हणजे झालं."

शिगेकीने खिशातून आपल्या नावाचा शिक्का काढला आणि पाच वेळा उमटवला. दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे, हे तिथे नवख्यालाही आठवड्यात कळतं. सोमवारी त्याच्या बायकोने, मिसाओने, नेहमीसारखा डबा बांधून दिला: भात, खारा मासा, अंड्याची गुंडाळी. रजेच्या पहिल्या दिवशी तो दहा मिनिटं लवकरच पोहोचला.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास मशीन त्याच्या डाव्या तर्जनीवर आलं. पहिलं पेर गेलं. त्याने आधी मशीन बंद केलं, रक्त लागलेले चमचे बाजूला काढले, मग उराबेंना हाक मारली.

उराबेंनी त्याला स्वतःच्या गाडीतून नेलं. फाटकातल्या पाटीवर त्या दिवशीचा आकडा होता: अपघाताविना ११४२ दिवस. वाटेत ते म्हणाले, "आज तुम्ही रजेवर आहात, कुवाबारासान." ही काही धमकी नव्हती. आवाज रडवेला होता.

दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईने विचारलं, "इजा कामावर झाली का?" हो म्हटलं असतं, तर औषधपाणी, घरी बसल्या दिवसांचा पगार, गेलेल्या बोटाची भरपाई, सगळं सरकारी विम्यातून मिळालं असतं. नाही म्हटलं, की उद्या पत्रा धरता आला नाही तर आपण नि आपलं नशीब.

"घरी झाली," शिगेकी म्हणाला. "मोटारीच्या दारात बोट सापडलं."

"जखमेत तेल दिसतंय."

"मोटार जुनी आहे."

ऐकणाऱ्याला चीड यावी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणावा, तर इथे तोंड त्याने स्वतःच दाबलेलं. पण शिगेकीला चीड आली नाही, भीतीही वाटली नाही. इंजेक्शन द्यायच्या आधीपासूनच तो बधिर होता.

तेवढ्यात निरोप मिळून मिसाओ धावत आली. अंगावर स्वयंपाकाचा एप्रन तसाच. बाईने कागद पुढे ओढला. "मोटारीचं दार कुणी लावलं होतं?"

मिसाओने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. उराबेही जमिनीकडेच. सकाळी डबा तिने बांधला होता, तो घेऊन नवरा कुठे गेला होता हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मी," ती म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं." मग उराबेंकडे वळून कमरेत वाकली. "ऐन कामाच्या दिवसांत तुमचा माणूस अडकवला मी. माफ करा."

उराबे तिच्याहून खाली वाकले. बराच वेळ दोघं तशीच वाकत राहिली.

रजेवरून परतलं की सगळ्यांसाठी गोडधोड न्यायचं, हा तिथला रिवाज. पुढच्या सोमवारी शिगेकीने स्टेशनवरच्या दुकानातून बांबूच्या पानांत बांधलेल्या, तांदळाच्या पिठाच्या गोड गोळ्यांचा खोका घेतला. फाटकावर ११४७ आकडा लागला होता. पट्टी बांधलेल्या हाताने त्याने प्रत्येकापुढे खोका धरला, आपल्या गैरहजेरीचा त्रास झाला म्हणून माफी मागितली.

"रजा कशी झाली?" कुणीतरी विचारलं.

"छान झाली."

उराबेंनी एक गोळा उचलला आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनींना म्हणावं, दार जपून लावत जा."

"सांगतो."

संध्याकाळी जेवताना मिसाओ त्याच्यासाठी माशाचे काटे काढत होती. त्याने खरोखरच सांगितलं. "उराबेसाहेब म्हणाले, दार जपून लावत जा."

तिच्या हातातल्या जेवणाच्या काड्या थांबल्या.

"हो," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

मग तिने माशाचा तुकडा त्याच्या भातावर ठेवला, आणि तो जेवू लागला.