जावयाचा धोंडा आणि सासऱ्यांची बॅटरी

माझ्या लग्नात मी मोटार ढकलली. थट्टा नाही, खरंच ढकलली. कपाळाला मुंडावळ्या, हातात कट्यार, पायात करकर वाजणारे नवे बूट, आणि तीर्थपुरीच्या भर बाजारात आमची वरात बंद पडलेली. सासऱ्यांची मोटार जुनी. जालन्याच्या एका जिनिंगवाल्यानं वापरून वापरून कंटाळून विकलेली. वाजंत्रीवाले वाजवत पुढं निघून गेले, आणि मोटार काही सेल्फ घेईना. हँडल मारावं म्हटलं तर त्या हँडलनं एकदा सासऱ्यांचं मनगट सुजवलं होतं, म्हणून सासूबाईंनी ते विहिरीत टाकलेलं. सासरे स्टिअरिंगच्या चाकावरूनच रडकुंडीला येऊन म्हणाले, "एरवी मी ढकलतो हो, पण आज चाकावर बसायला दुसरं कुणी न्हाई." मी मुळात तापट माणूस. उतरलो आणि खांदा लावला.

मोटार सुरू झाली, पण गावाला वर्षभराचा विषय मिळाला. त्यात माझे एक चुलत सासरे होते. तोंडात कायम बिडी आणि बिडीमागून टोमणा. ते सासऱ्यांना पारावर गाठून विचारायचे, "काय रे, जावई पोरीसाठी पाहिला का मोटारीसाठी?" सासरे सगळं सहन करायचे, पण एक दिवस भडकले. चार लोकांसमोर बोलून बसले, "धोंड्याच्या महिन्यात जावई येणार हाय. जाताना मोटार बटणावर चालू होईल. जावयाचा हात परत मोटारीला लागला, तर मोटार भंगारात घालीन!" आता आली का पंचाईत! त्या मोटारीवर त्यांचा जीव होता. हिला भंगारात घालणं म्हणजे दारचा बैल कसायाला देणं.

आणीबाणी उठली त्या वर्षी अधिक मास आला आणि आम्ही दोघं धोंड्याला तीर्थपुरीला गेलो. मी जालन्याला हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. एस. टी. तून उतरून घरी पोचतो तो काय, पडवीत चौरंगावर बॅटरी. तिला हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल. शेजारी नवा चार्जर गुरगुर करतोय. आमच्यासाठी पाट दुसऱ्या बाजूला मांडले होते, पण चौरंग तिला होता हे मी बघून ठेवलं.

मंग सुरू झाला आग्रह. मराठवाड्यातला आग्रह ज्यानं सोसलाय त्यालाच माहीत. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, अनारसे, परत धोंडे. मी ताटावर आडवा हात धरला तर सासूबाईंनी हाताच्या बाजूनं वाढलं. "बस" म्हटलं की दोन पडायचे, "नको" म्हटलं की तीन. आणि इकडं मला वाढून झालं की सासरे उठून पडवीत जायचे आणि चार्जरचा खटका आणखी पुढं सरकवायचे. काटा पार शेवटच्या आकड्याला टेकलेला.

मला दिसत होतं. मला कळतही होतं. बॅटरीला असं एकदम कोंबायचं नसतं. करंट कमी ठेवायचा, वरची बुचं सैल करायची, पाणी कमी असेल तर डिस्टिल वॉटर घालायचं आणि सावकाश, निवांत चार्ज होऊ द्यायचं. पण मी जावई! जावयानं "हे असं नको" म्हटलं की सासुरवाडीत त्याचा अर्थ एकच, जावई रुसला. मागं एकदा मी नुसतं "चहा गरम आहे" म्हणालो होतो, तर सासूबाई दिवसभर रडल्या होत्या. तरी मी भीत भीत म्हणालो, "मामा, जरा कमी करंटवर ठेवा. थोडं थोडं जाऊ द्या."

सासरे हसले. "जावयबापू, पाहुण्याला थोडं थोडं वाढतेत का?"

मी ताटातला पुढचा धोंडा गिळला.

तिसऱ्या प्रहरी घरात सडक्या अंड्याचा वास सुटला. आमचं घराणं आणि त्यांचं घराणं, दोन्ही माळकरी. घरात अंडं कधी आलेलं नाही. सासूबाईंनी आधी माझ्याकडं पाहिलं. मग लाजून दुसरीकडं पाहिलं. अहो, माझं पोट गच्च झालं होतं हे खरं, पण हा वास माझा नव्हता! तेवढ्यात चुलत सासरे बिडी ओढत पडवीत शिरले आणि "बघू तरी काय शिजून राह्यलंय" म्हणत बॅटरीवर वाकले. आत पाणी खदखदत होतं, बुचं घट्ट बंद होती, त्यातून फसफस गॅस निघत होता. बॅटरीच्या त्या गॅसजवळ विस्तव नेला तर भडका उडतो.

"बिडी विझवा!" मी ओरडलो. नुसता ओरडलो नाही, त्यांच्या तोंडातली बिडी ओढून अंगणातल्या चिखलात फेकली. वडीलधाऱ्या माणसाची बिडी! चुलत सासरे चिखलातल्या बिडीकडं बघत म्हणाले, "उद्या निघायच्या टायमाला येतोच मी. बघतो बटण." आणि गेले.

सासऱ्यांचा चेहरा पडला. मला समजावून सांगायचं होतं, पण बायको मधे आली. ती बापाला म्हणाली, "आबा, ह्यांच्या पोटाचं जे झालंय ना, तेच तुमच्या बॅटरीचं झालंय. दोघांनाही जरा दम खाऊ द्या." बिलकुल बराबर बोलली. सासऱ्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बॅटरीकडं, आणि मुकाट्यानं खटका बंद केला. निवल्यावर आम्ही बुचं उघडली, डिस्टिल वॉटर घातलं, करंट अगदी कमी ठेवला. त्या दिवशी रात्री जेवायला मलाही नुसता ताक-भात मिळाला. त्या ताकाची चव अजून जिभेवर आहे.

सकाळी काचेच्या नळीत बॅटरीचं पाणी ओढून पाहिलं. आतला तरंगता काटा बॅटरीच्या सहाही घरांत सारखा वर आला, म्हणजे बॅटरी भरली. सासऱ्यांनी बॅटरी मोटारीत बसवली, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. घर्रर्र! पहिल्या दमात! सासूबाईंनी मोटारीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. सासऱ्यांनी मला मिठी मारली. मोठा माणूस, पण डोळे भरून आले होते.

इथं थांबले असते तर? पण आनंद असा गप्प बसतो होय! दूधवाला आला, त्याला बटण दाबून दाखवलं. मोटार सुरू, पेट्रोल जळू नये म्हणून लगेच बंद. गुरुजी आले, परत बटण. न्हावी आला, बटण. शेजारीण हळद मागायला आली, तिला तर भर उन्हात दिवेही लावून दाखवले आणि हॉर्न वाजवला. मी म्हणालो, "मामा, बास आता. प्रत्येक बटणाला बॅटरी खर्च होते. मोटार चालत राहिली तरच ती परत भरते." ते म्हणाले, "आहो, कौतुक हाय, करू द्या की!" जावयाचं दुसरं म्हणणंही पाण्यात गेलं.

दुपारी आम्ही निघालो. आहेर झाला, फेटा बांधला, आम्ही मागं बसलो. दारात सगळं गाव. सगळ्यात पुढं चुलत सासरे, मुद्दाम नवी बिडी पेटवून. सासऱ्यांनी ऐटीत बटण दाबलं.

टक्.

पुन्हा टक्. तिसऱ्या खेपेला तेही नाही. कुणी हसलं नाही, हेच जास्त वाईट होतं. सासरे पुढं बघत तसेच बसून राहिले, कानाच्या पाळ्या लालबुंद. मी दार उघडायला हात घातला.

"न्हाई!" ते असे कडाडले की मी दचकलो. "तुमचा हात न्हाई लागू द्यायचा. बसा आत!" स्वतः उतरले, धोतर खोचलं आणि मागं जाऊन खांदा लावला. एकट्यानं हलतीय का ती, काळ्या चिखलात? मग काय झालं ठाऊक? चुलत सासऱ्यांनी बिडी थुंकली, शिवी हासडली आणि भावाच्या शेजारी खांदा लावला. "ढकल रे! जावई हाय आपला!" मग गुरुजी, न्हावी, सगळेच आले.

"पण चाकावर कोण?" मी विचारलं. मला तर सायकलही धड येत नव्हती.

बायको उतरली, पदर खोचला आणि पुढं जाऊन बसली. "आबा कायम ढकलायचे," ती म्हणाली. "मंग चाकावर कोण बसायचं? मीच की. परकरात होते तेव्हापासून." लग्नाला वर्ष झालं होतं आणि हे मला आज कळत होतं! वरातीच्या दिवशी चाकावर बसायला कुणी नव्हतं, कारण चाकावर बसणारी शालू नेसून माझ्या शेजारी बसली होती.

मोटारीनं दोन गचके दिले आणि सुरू झाली. मागून सासरे चिखलात पळत ओरडत होते, "थांबवू नको गं! बंद पडंल! जा तशीच, जा!" निरोप घ्यायचा राहिला, गळ्यात पडून रडायचं राहिलं. ती आरशात बघत हसत होती आणि नाक ओढत रडतही होती. अंबड गेलं, तरी तिनं कुठं मोटार थांबवली नाही. जालन्याला आमच्या गल्लीत येऊनच बंद केली.

दुसऱ्या दिवशी सासरे एस. टी. नं मोटार न्यायला आले. चहासुद्धा न घेता मोटारीत बसले आणि डोळे मिटून बटण दाबलं. पहिल्या दमात सुरू! वाटेत बॅटरी पोटभर चार्ज झाली होती, कुणी आग्रह न करता. त्यांनी मोठ्या आशेनं खिडकीतून बाहेर पाहिलं. गल्लीत एक शेळी होती आणि मी होतो.

"जावयबापू," ते हळूच म्हणाले, "तुम्ही पाह्यलं नं? गावात सांगताल नं?"

आज ते नाहीत, चुलत सासरे नाहीत. मोटार मात्र त्यांनी भंगारात घातली नाही, शेवटपर्यंत धक्क्यावर चालवली. तीर्थपुरीला गेलो की मी अजूनही पारावर बसतो. ओळखीचं कुणी नसलं तरी कुणाला तरी धरतो आणि सांगतो, बटणावर सुरू झाली होती बाबा, पहिल्या दमात, मी डोळ्यांनी पाहिलंय.