वडूजच्या कोऱ्या काचपट्ट्या

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका दवाखान्यात काचपट्ट्या तपासायची. बाईच्या गर्भाशयाच्या तोंडावरून लाकडी पट्टीनं अलगद पेशी खरवडायच्या, काचेवर पसरायच्या आणि ओल्या असतानाच स्पिरिटात बुडवायच्या. मग त्यांना रंग देऊन मी मायक्रोस्कोपखाली बघायची, कॅन्सरची काही चाहूल लागते का ते. माझं काम भलतं झपाझप चाले, आणि त्याची मला गुर्मी होती. खोटं कशाला बोलू?

आमचे सर मात्र मी 'दोष नाही' लिहिलेल्या पट्ट्यांतली मनाला येईल ती उचलून पुन्हा बघायचे. मला त्याचा भारी राग यायचा. विश्वास नाही तर कामावर ठेवलंय कशाला, असं मनात म्हणायची. एकदा त्यांनी वडूजच्या तपासणी शिबिरातून आलेली एक पट्टी लावली आणि स्वतःच्या खुर्चीत मला बसवलं. "बाई, यातल्या पेशी मोजून दाखवा." दोन्ही हातांची बोटंसुद्धा भरेनात. "मग दोष नाही हे कशावरून ठरवलंत?" पाळी नसताना मधेच रक्त जातं, अशी नोंद त्या बाईच्या कागदावर होती. मी ती वाचलीच नव्हती.

शिबिरातल्या आणखी बऱ्याच पट्ट्या तशाच कोऱ्या निघाल्या. बाकीच्या बायकांना पत्रं टाकली, आणि या एकीसाठी सरांनी मलाच एसटीत बसवलं. विटा, मायणी करत वडूज गाठेपर्यंत हाडं खिळखिळी झाली. तिथल्या नर्सबाई मला तिच्या दारात घेऊन गेल्या. मेंढरं राखणारं घर होतं. दिवाळी झालेली, आणि दुसऱ्याच दिवशी कळप कोकणात निघायचा होता. एकदा घाट उतरली की पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ही बाई हाती लागणार नव्हती.

"मावशी, तुमची तपासणी परत करायची आहे," मी म्हटलं.

"का? कागदावर तर दोष न्हाई म्हनून लिवलंय की. कुनी लिवलं त्ये?"

'दवाखान्यानं' असं म्हणता आलं असतं. अगदी जिभेवर आलंही होतं. "मी," म्हटलं.

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लय शानी हाईस."

मग नर्सबाईंनी विचारता विचारता उलगडा झाला. तपासायला जायचं म्हणून सगळ्याजणी आतून-बाहेरून स्वच्छ धुऊन आल्या होत्या, कडुनिंबाचा पाला घालून उकळलेल्या पाण्यानं. जिथं हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालायचं, तिथं एकेकीनं घागर रिती केली होती. "डाक्टरीणबाईंच्या म्होरं तसंच जायाचं व्हय? लाज न्हाई का आमाला?" ती म्हणाली. बघायच्या त्या पेशीच धुऊन गेल्या होत्या. धुऊ नका, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण कोरी पट्टी बघून 'पुन्हा घ्या' एवढं लिहिणं तर माझ्या हातात होतं! मला तिथंच रडू फुटलं.

"आता रडून काय व्हतंय? कवा यायचं त्ये सांग," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कळप तिच्याविना निघाला. ती न धुता नर्सबाईंकडे आली, तोंडावर पदर ओढून. या वेळची पट्टी पेशींनी भरलेली होती आणि त्यांतल्या कित्येक वाईट होत्या. मी बघितली, सरांनी बघितली, मग तुकडा काढून पुन्हा खात्री केली. रोग अजून गर्भाशयाच्या तोंडापाशीच होता. सांगलीत आणून तिची पिशवी काढली आणि ती वाचली.

टाके काढले त्या दिवशी मी तिच्या खाटेपाशी बसले होते, जरा खुशीतच. तिनं विचारलं, "त्या दिशी माज्यासंगं बाया आल्या हुत्या, त्यांचं काय?"

"त्यांना पत्रं टाकलीत, मावशी."

"आगं, वाचता कुनाला येतंय? आन् घरी तरी कोन हाय? समद्या मेंढरामागं घाट उतरून गेल्या."

मी तिची चादर सारखी करायला लागले.

"मग हितं काय बसलीस?" ती म्हणाली.