चरबी जाळणाऱ्या जपानी पुड्या

नवऱ्याच्या लिव्हरवर चरबी साचली होती. डॉक्टर म्हणाल्या, "रोज चाला." पण सरळ उपाय करील तर तो माझा नवरा कसला! इथल्या, आयर्लंडमधल्या गॉलवेच्या कारखान्यातल्या जपानी सहकाऱ्याकडून त्यानं जपानच्या पारंपरिक औषधाचा, काम्पोचा, खोका आणला. जेवणाआधी एक पुडी घेतली की पोटावरची चरबी जळते म्हणे. मी म्हटलं, "अरे, आधी तो तुपाचा चमचा खाली ठेव!" आठवड्याभरात जुलाब लागले आणि खोका स्वयंपाकघराच्या कपाटात मागे जाऊन पडला.

ते २०२० साल. सासूबाई पाहुण्या म्हणून आल्या आणि लॉकडाउनमध्ये अडकल्या. सासरे नाशकात एकटे. सासूबाईंचं रोज एकच, "मला घरी पाठव गं बाई." शेवटी कुणाकुणाच्या नाकदुऱ्या काढून परतीच्या विमानात जागा मिळवली आणि नेमकं तेव्हाच त्यांचं बीपी चढलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तरी उतरेना. पाय सुजले. "असंच राहिलं तर प्रवास नाही," डॉक्टरांनी फोनवर बजावलं. मी लोणचं लपवलं, पापड बंद केले, भाज्या अळणी केल्या. घरात सगळ्यांची तोंडं वाकडी, बीपी आपलं जागच्या जागी. नुसता वैताग!

विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला काढा दिला. करोनाच्या धास्तीनं रोज उकळायच्या: आलं, मिरी, तुळस, ज्येष्ठमध. आज भलताच गोड लागला.

"त्यात ती जपानी पुडी घातलीय," त्या म्हणाल्या. "मी रोजच घेते. एवढं परदेशी औषध वाया घालवायचं? पोट कसं छान साफ होतं."

"अहो आई, ते चरबीचं औषध आहे! तुमच्या अंगावर चरबी आहे तरी कुठं?" मी ओरडलेच.

खोक्यावर मोबाइल धरून जपानी अक्षरांचा अर्थ काढला. त्यातही ज्येष्ठमध! डॉक्टरांना फोन लावला. ज्येष्ठमध जास्त झालं की बीपी चढतं, पायांवर सूज येते, त्या म्हणाल्या. पुड्या बंद, काढाही बंद. बीपी उतरेल, पण सावकाश. उद्याचा प्रवास विसरा.

मला नुसता संताप आला होता. कुणावर काढणार? नवरा मान खाली घालून बसलेला, सासूबाई पदराशी चाळा करत बसलेल्या.

दुसऱ्या दिवशी विमान गेलं. दुपारी सासऱ्यांचा फोन आला. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी तो हातातून घेतला.

"अहो, मीच म्हटलं, राहते अजून थोडी," त्या म्हणाल्या. "इथली हवा मानवलीय मला."

पलीकडून मग सासरे म्हणाले, "बरं. मग आजही खिचडीच टाकतो."

नवरा निमूट उठला, बूट घातले आणि चालायला बाहेर पडला. आत्ता सुचलं!